कॅमेरे मागवतोयस? आधी खोक्यावरचा नंबर वाच

अरे, दापोली-गुहागरच्या होमस्टेवाल्यांना सीसीटीव्ही बसवून देतोस ते ठीक, पण थेट चीनहून माल आणायचा तर भाव शेवटी विचार. आधी विचार, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे का? ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणीही त्यातच बंधनकारक झालीय. आणि नोंदणी त्याच कारखान्याची, त्याच मॉडेलची हवी.

माझंच सांगतो. प्रमाणपत्रावर मॉडेलच्या शेवटी ‘डी’, खोक्यावर ‘डीडब्ल्यू’. एवढ्यावर माल न्हावा-शेव्याला अडकला. तो ‘डब्ल्यू’ म्हणजे वायफाय, आणि वायफाय आलं की डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची ‘ईटीए’ मंजुरी वेगळी लागते. तिकडे गोदामभाडं चढतंय, इकडे बागायतदार रोज फोन करतोय, आंबा उतरायच्या आत कॅमेरे हवेत म्हणून!

आयात करायला लागणारा आयईसी कोड सोपा आहे. पॅनवर, ऑनलाइन, ५०० रुपयांत. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट कर, नाहीतर बंद पडतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचं मालाचं विवरण मात्र जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरून घे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. आयातीवर भरलेल्या १८ टक्के आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे तुझ्या जीएसटीतून वजा होतो, कस्टम्स ड्युटीचं नाही. ती धरूनच गिऱ्हाइकाला भाव सांग.

‘बिलात किंमत कमी दाखवू’ म्हणणारा एजंट भेटेलच. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

पहिल्या खेपेला थोडेच नग आण, तेही वायरवाले.