9 इंचांचा खोका

प्रश्न : ताई, मी 47 वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. साडेदहाला खुर्चीत बसते ती सहाला उठते. पिग्मीचे आकडे, व्हाउचर, लेजर, सगळं एकाच टेबलावर. संध्याकाळी उठताना गुडघे धरतात, कंबर सरळ व्हायला दहा पावलं जातात. गेल्या महिन्यात उपाशीपोटीची साखर 112 आली. डॉक्टर म्हणाले, बसणं कमी करा. मुलाने पुण्यात बटण दाबलं की वर-खाली होणारं टेबल 24,000 रुपयांना घेतलंय. आम्हाला ते कोण देणार? शिवाय कर्मचारी उभे दिसले तर सभासदांना कसं वाटेल, अशी साहेबांना काळजी. स्वस्तात काही होईल का?

उत्तर : होईल. आधी टेप घ्या. चपला घालून सरळ उभ्या राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. 5 फूट 2 इंच उंचीच्या बाईचं ते साधारण 39 इंच भरतं. कचेरीतलं टेबल बहुधा 30 इंचांचं असतं. म्हणजे उभ्याने लिहायला कमी पडतात ते 9 इंच.

माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी लिहायला टेबलावर असाच 9 इंचांचा खोका ठेवलाय. 18 मिलिमीटरचा प्लाय, 24 इंच रुंद, 14 इंच खोल, पुढची बाजू उघडी. सुताराकडे दुसऱ्या कामातले तुकडे उरले होते, म्हणून मजुरीसकट 900 रुपयांत झाला. खाली रबराचे तुकडे लावून घ्या, नाहीतर लिहिताना सरकतो. आतल्या पोकळीत तुमची व्हाउचरं राहतील.

कॉम्प्युटर मात्र त्यावर चढवू नका. कीबोर्ड वर गेला की पडदाही तितकाच वर हवा, नाहीतर मान खाली जाते आणि कंबरेचं दुखणं मानेत येतं. दिवसातून चारदा मॉनिटर उचलून ठेवायचा म्हटलं तर आठ दिवसांत कंटाळाल, हे मी अनेकांचं पाहिलंय. त्यापेक्षा उभ्याने करायची कामं वेगळी काढा. व्हाउचर जुळवणं, पिग्मी एजंटांच्या याद्या तपासणं, फोन, पासबुकं. तुमच्याकडे तीन खणांचं लोखंडी फाइल-कपाट असेल तर तेही मोजून बघा. ते 40 इंचांच्या आसपास असतं आणि लिहायला कोपरापेक्षा इंचभर वर चालतं. मग खोक्याचेही पैसे वाचले.

अशा सोयीचा उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये लेस्टर, मँचेस्टर आणि लिव्हरपूल भागातल्या नगरपालिकांच्या 756 कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्यासारखीच खुर्चीतली कामं करणारी माणसं. काहींना नुसतं मार्गदर्शन आणि आठवण करून देणं होतं, काहींना त्याच्या जोडीला उंची बदलणारं टेबलही दिलं. वर्षानंतर, यातलं काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, पहिल्या गटाचं बसणं दिवसाला सुमारे 22 मिनिटांनी कमी भरलं, टेबलवाल्यांचं 64 मिनिटांनी. म्हणून मी खोक्याचा आग्रह धरते. समोर जागा तयार असली की माणूस उठतो.

पण दिवसभर उभ्या राहायचं नाही, आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझे वडील कोल्हापुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते. हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून केससमोर, म्हणजे अक्षरांच्या खणांच्या पेटीसमोर, आठ-आठ तास उभ्याने छपाईचे खिळे जुळवायचे. रात्री आई त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळायची तेव्हा दोरीसारख्या फुगलेल्या निळ्या शिरा मला दिसायच्या. एका जागी उभं राहिलं की पोटरीचे स्नायू हलत नाहीत आणि पायातलं रक्त वर ढकलायला त्यांची मदत मिळत नाही. वडिलांनी केसखाली एक लाकडी ठोकळा ठेवला होता. एकदा डावा पाय त्यावर, एकदा उजवा. वापरून वापरून त्याला मधोमध खळगा पडला होता. फिजिओथेरपी शिकायला गेले तेव्हा कंबरेवरचा ताण कमी करायला हीच युक्ती शिकवली. तुम्हीही 5-6 इंचांचा ठोकळा किंवा पाट पायाशी ठेवा. सुरुवात एका वेळी 15 मिनिटांनी, दिवसातून तीनदा. गुडघ्याला सूज असेल तर आधी दाखवून घ्या.

वजन उतरेल या आशेवरही राहू नका. बसण्याऐवजी सहा तास उभं राहिलं तर सगळे मिळून 54 च्या आसपास कॅलरी जास्त खर्च होतात. एक पोळीही नाही.

तुमच्या 112 ची मला जास्त काळजी आहे. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि तिथे कामी येतं ते चालणं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने 2023 मध्ये मांडलेला प्रयोग 11 जणांपुरताच होता, पण मला फार मोलाचा वाटतो. दर अर्ध्या तासाला 5 मिनिटं सावकाश चालल्यावर, दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखरेची उसळी 58 टक्क्यांनी कमी झाली. काउंटर सोडून दर अर्ध्या तासाला उठणं तुम्हाला जमणार नाही, मला कळतं. निदान डबा खाल्ल्यावर लगेच खुर्चीत बसू नका. जिन्याने एकदा खाली-वर करा, व्हाउचर शिपायाकरवी न पाठवता स्वतः नेऊन द्या, पाण्याची बाटली टेबलापासून लांब ठेवा.

राहिले साहेब. आपल्याकडे आल्या माणसाला पहिला शब्द ‘बसा’, आणि उभं राहायचं ते वरिष्ठांपुढे. त्यामुळे उभा कर्मचारी बघून साहेबांना अवघडल्यासारखं होणारच. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि सभासदांची गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीननंतर पंधरा दिवस करून बघू द्या, एवढंच मागा.

प्रश्न : मी 29 वर्षांचा, कपड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. आमचं उलटं. 10 तास उभा असतो. गिऱ्हाईक नसलं तरी बसलेलं मालकांना चालत नाही. संध्याकाळी घोटे सुजतात.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचताना वडिलांचेच पाय डोळ्यांपुढे आले. तुमची मागणी लाडाची नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर कायद्याने बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी साड्यांच्या दुकानांतल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. कारखान्यांसाठी तर 1948 च्या कायद्यातच, कलम 44 मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय लिहिलेली होती.

घोट्यांची सूज रात्रीच्या झोपेनंतरही उतरत नसेल किंवा एकाच पायाला असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. लवचीक मोजेही त्यांना विचारूनच घाला. तोवर दर तासाला काउंटरला धरून टाचा 20 वेळा वर-खाली करा. घरी गेल्यावर पाय उशीवर, छातीपेक्षा वर, 15 मिनिटं.

मालकांकडे खुर्ची मागू नका, 28 इंचांचं उंच स्टूल मागा. त्यावर टेकलेला माणूस गिऱ्हाइकाला जवळजवळ उभाच दिसतो आणि दोन सेकंदांत उठून पुढे येतो. हे पान त्यांना दाखवायचं असेल तर जरूर दाखवा.