शिष्टाई: शिकलेल्यांची की उरलेल्यांची?

गिरगावातल्या एका वाचकाने विचारलंय: युद्धात सापडलेला दुबळा देश परक्या जनतेपुढे आपली बाजू मांडतो, त्या ‘पब्लिक डिप्लोमसी’ला ‘सार्वजनिक कूटनीती’ म्हणावं का?

नाही! ही कूटनीती हिंदी वाहिन्यांवरून उतरली आणि आता लोकलमध्ये रोज कुणाच्या तरी फोनमधून कानावर आदळते. मराठीत कूट म्हणजे कपट (दाण्याचं सोडून). उघड्यावर बोलण्यात कपट कसलं? आणि ‘सार्वजनिक’ म्हटलं की मला नळ दिसतो. ‘मुत्सद्दी’ अरबीतून आला, मोगलाईत सुरत बंदराचा अधिकारी मुत्सद्दी म्हणवे; पण त्यालाही पडद्याआडचा वास आहेच.

घरात ‘शिष्टाई’ असताना शेजारी कशाला जायचं? हल्ली मंत्र्याने उपोषणवाल्याला मोसंबीचा रस पाजला की शिष्टाई झाली. कृष्णशिष्टाई आठवा. दुर्योधन ऐकणार नाही हे कृष्णाला ठाऊक होतं. दुर्योधन दोषी की नाही, हा जमलेल्या राजांच्या मनातला संशय मिटवतो, असं निघण्याआधीच तो युधिष्ठिराला सांगतो. बोलणं दुर्योधनाशी, ऐकणारे भलतेच. मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्कींनी हेच केलं: ब्रिटिश संसदेत चर्चिलची आठवण, जर्मन संसदेत भिंतीची. सुनवायचं पुतिनना, हलवायचं मतदाराला.

आता खरी गंमत. ‘शिष्ट’ हा शास् धातूपासून, म्हणजे शिकवलेला, असं कोशकार सांगतात आणि कोश मिटतात. अहो, शिष् म्हणजे उरणे, त्याचंही रूप ‘शिष्ट’च! गीतेतलं ‘यज्ञशिष्ट’ म्हणजे यज्ञात उरलेलं. मग शिष्टाई ही उरलेल्याची विद्या का नसावी? पांडव मागून मागून मागतात काय, तर पाच गावं. ३० जून १९३६ ला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभा राहिला तेव्हा त्याचा देश इटलीने गिळला होता. उरली होती अम्हारिक भाषा, तो त्याच भाषेत बोलला. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील, म्हणजे दूत, रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षं, १८५३ पर्यंत, लंडनमध्ये पुस्तिका छापत, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे बोलत राहिले. तेवढ्यात राज्य खालसा झालं, वकील उरला.

व्याकरणवाले म्हणतील, ‘-आई’ प्रत्यय चतुराईसारखा माणसाच्या गुणाला लागतो, तेव्हा शास्‌च खरा. म्हणोत. ज्यांच्या शेजारणी नाक उडवणाऱ्या मुलीला ‘शिष्ट’ म्हणतात, त्यांनी ‘शिकवलेला’वर एवढा जीव टाकू नये.

हां, मूळ प्रश्न. ‘लोकशिष्टाई’ म्हणा. ‘जनशिष्टाई’ नको, सरकारी योजना वाटते.