एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यात खून झाला, तर तपास कोण करायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कापूस पिकवणाऱ्या त्या मुलखात पोलीस ठाणी नव्हती, मग प्रेत सापडलं की चौकशी कोण करायचं? आणि त्या चौकशीच्या कागदांवर आज कितपत विश्वास ठेवावा? मी फौजदारी वकील आहे. मरणोत्तर पंचनामे वाचण्यात बरीच वर्षं गेली, त्यातूनच हे जुने अमेरिकन कागद वाचायचा नाद लागला. साउथ कॅरोलिनातली एजफिल्ड काउंटी (१८६८ पर्यंत तिथे काउंटीला डिस्ट्रिक्ट म्हणत) समोर ठेवून लिहिते, कारण हाणामारीसाठी ती त्या काळातही बदनाम होती.

चौकशी करायचा कोरोनर. हे पद इंग्लंडचं, थेट ११९४ पासूनचं, आणि इंग्रज जिथे गेले तिथे ते गेलं. मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर होता आणि ते पद १९९९ पर्यंत टिकलं. तेव्हा मराठी माणसाला ही व्यवस्था अगदीच परकी नाही.

एजफिल्डसारख्या ठिकाणचा कोरोनर बहुधा डॉक्टर नसे. गावातलाच कुणी बऱ्यापैकी वजनदार माणूस, प्रत्येक चौकशीमागे ठरलेली फी घेणारा. तो हाती लागला नाही तर जवळचा मॅजिस्ट्रेट ते काम करी. निरोप आला की आसपासच्या शेतांतून डझनभर पुरुष गोळा करायचे. ही त्याची ज्यूरी, म्हणजे आपल्या भाषेत पंच. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धापर्यंत (१८६१-६५) हे पंच फक्त गोरे. प्रत्येकाने प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे, हा सगळ्या प्रकाराचा कणा. आधीच पुरलं असेल तर उकरून काढायचं. बैठकही प्रेत असेल तिथेच: अंगणात, नदीकाठी, नाहीतर कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या जागी. तिथला उन्हाळा दमट, त्यामुळे सगळं एक-दोन दिवसांत उरकावं लागे. साक्षीदार शपथेवर सांगत, कुणीतरी लिहून घेई, सही न येणारा फुली मारी. डॉक्टरला बोलावलं तर त्याची फी वेगळी द्यावी लागे, म्हणून जखम धडधडीत दिसत असली की प्रेत उघडण्याच्या फंदात फारसं कुणी पडत नसे.

निष्कर्ष ठरावीक साच्यातले. कुणीतरी मारलं, अपघात झाला, स्वतःचा जीव घेतला, नाहीतर देवाज्ञा झाली. खुनाच्या कागदाची भाषा तर शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेली: आरोपीने ‘डोळ्यांपुढे देव न ठेवता, सैतानाच्या चिथावणीने’ अमुक इतक्या किमतीच्या सुऱ्याने इतके इंच रुंद आणि इतके इंच खोल जखम केली. सुऱ्याची किंमत कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मारणारी वस्तू सरकारजमा होत असे, म्हणून तिची किंमत लिहायची. मूळ नियम मागे पडला तरी कारकुनांनी ओळ सोडली नाही. सरकारी मसुदे असेच जगतात, आपल्याकडचे पाहा.

या गठ्ठ्यांत सगळे खूनच असतील असं समजू नका. नदी-ओढ्यात बुडालेले, दारू पिऊन थंडीत रस्त्यात पडलेले, गाडीखाली सापडलेले, चुलीजवळ कपडे पेटलेल्या बायका, वीज पडलेली माणसं. खून वाचायला लागलं की मात्र एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. गोऱ्यांमधले खून बहुतेक चारचौघांत झालेले. कोर्टाचा दिवस, निवडणुकीचा दिवस, दारूचा गुत्ता. दोघांची शब्दावरून जुंपते, एक दुसऱ्याला खोटारडा म्हणतो आणि पिस्तूल निघतं. मारेकरी कोण हे पन्नास जणांना ठाऊक. त्यामुळे ‘तपास’ म्हणून करण्यासारखं फार थोडं उरे. प्रश्न एवढाच, की अब्रूसाठी मारणाऱ्याला शेजारचे बारा जण दोषी म्हणतील का.

लुईस विगफॉलचं प्रकरण पाहा. १८४० मध्ये त्याने एजफिल्डच्या कोर्टाजवळ थॉमस बर्ड नावाच्या तरुणाला गोळी घातली. वाद राजकारणातला, ब्रूक्स घराण्याशी. त्याच वर्षी त्याचं प्रेस्टन ब्रूक्सशी द्वंद्व झालं आणि दोघेही जखमी झाले. पुढे विगफॉल टेक्सासला गेला (गोत्यात आलेल्या, कर्जबाजारी दक्षिणी माणसाची ही नेहमीची वाट) आणि १८५९ मध्ये तिथून थेट अमेरिकेचा सिनेटर झाला. प्रेस्टन ब्रूक्स म्हणजे पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झालेला तोच, ज्याने २२ मे १८५६ रोजी सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला काठीने बडवून रक्तबंबाळ केलं. शिक्षा ३०० डॉलर दंड. मतदारांनी त्याला परत निवडून दिलं.

द्वंद्वाविरुद्ध साउथ कॅरोलिनात १८१२ पासून कायदा होता. तरी १८३८ मध्ये तिथल्याच एका माजी गव्हर्नरने द्वंद्वाचे नियम छापले! कायदा खऱ्या अर्थाने कडक झाला तो १८८० मध्ये, कर्नल कॅशने कर्नल शॅननला द्वंद्वात ठार मारल्यावर. शॅनन हा कॅम्डेनचा प्रतिष्ठित वकील होता. खटल्यात कॅश सुटला तो सुटलाच, पण त्यानंतर द्वंद्वातला मृत्यू खून धरला जाऊ लागला.

आता यातला सगळ्यात जड भाग. १८५० नंतर एजफिल्डमध्ये निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती, आणि त्यांच्या मृत्यूचीही चौकशी होत असे. १७४० च्या कायद्यानुसार गुलामाला जाणूनबुजून मारलं तर ७०० पौंड दंड, रागाच्या भरात मारलं तर ३५०. १८२१ मध्ये जाणूनबुजून केलेल्या खुनाला देहदंड आला, रागाच्या भरातल्या मृत्यूला मात्र ५०० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध न्यायालयात चालत नसे. म्हणजे चाबकाखाली माणूस मेला आणि पाहणारे सगळे गुलामच असले, तर पंच मालकाच्या शेजाऱ्यांपैकी आणि साक्षीदार कायद्याने मुके. मग ‘देवाज्ञा’ लिहायला कितीसा वेळ लागणार? साउथ कॅरोलिनातल्याच कॉलेटन भागात १८५४ मध्ये एका गुलामावर कुत्रे सोडून त्याला मारल्याबद्दल दोन गोऱ्यांना फाशी झाली, पण असं उदाहरण शोधावं लागतं.

तान्ह्या मुलांचे कागद मला वाचवत नाहीत. गुलाम आईच्या कुशीत मूल सकाळी मेलेलं सापडतं आणि पंच लिहितात, झोपेत आईचं अंग पडून गुदमरलं. दिवसभर शेतात राबून अर्धपोटी निजलेल्या बाईवर तो ठपका कायमचा. यातले पुष्कळ मृत्यू तान्ह्यांना झोपेत अकस्मात येणारे असावेत, असं पुढे काही इतिहासकारांनी मांडलं. मला ते पटतं.

युद्धानंतर काही वर्षं चित्र पालटलं. काळे मतदार झाले, ज्यूरीत बसू लागले, काहींच्या हाती मॅजिस्ट्रेटचे अधिकार आले. प्रिन्स रिव्हर्स त्यांतला एक: आधी गुलाम आणि घोडागाडी हाकणारा, मग उत्तरेच्या सैन्यात सार्जंट, मग हॅम्बर्ग गावचा ट्रायल जस्टिस, म्हणजे स्थानिक मॅजिस्ट्रेट. हॅम्बर्ग आधी एजफिल्डमध्ये होतं, १८७१ पासून नव्या एकेन काउंटीत. तिथे ८ जुलै १८७६ रोजी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी काळ्या मिलिशियाला, म्हणजे नागरिकांच्या सैनिकदलाला, घेरलं. एक गोरा आणि सहा काळे मेले. त्या काळ्यांपैकी चौघांना पकडल्यावर थंड डोक्याने गोळ्या घातल्या. रिव्हर्सने रीतसर चौकशी केली, आणि पंचांनी नव्वदहून अधिक गोऱ्यांवर ठपका ठेवला, नावानिशी.

त्यांतल्या एकावरही खटला उभा राहिला नाही. जामिनासाठी ते एकेनला गेले ते मिरवत. टोळीत असलेला एजफिल्डचा बेन टिलमन पुढे गव्हर्नर झाला, १८९५ पासून मरेपर्यंत सिनेटर राहिला आणि हॅम्बर्गच्या गोष्टी जाहीरपणे बढाईने सांगत असे. रिव्हर्सचं पद गेलं; तो पुन्हा घोडागाडी हाकू लागला.

त्यानंतर जमावाने माणसं लटकवायची आणि कोरोनरच्या पंचांनी ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’ असं लिहून मोकळं व्हायचं, हा दक्षिणेत शिरस्ताच पडला. जमावात पंचांचे भाऊबंद असत, कधी पंचही असत.

तेव्हा विश्वासाचं म्हणाल तर माझा हिशेब असा. कागदाच्या शेवटच्या ओळीवर, म्हणजे निष्कर्षावर, मी सगळ्यात कमी विसंबते. मधल्या जबान्या बघा: जखम कुठे होती, कुणी किती वाजता आरडाओरडा ऐकला, आदल्या दिवशी कुणाची कुणाशी बाचाबाची झाली. खोटं लिहायचं ठरवलेले पंचसुद्धा हा तपशील पुरता पुसत नाहीत, कारण तो त्यांना धोक्याचा वाटतच नाही. शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी माणसांचं बोलणं फक्त याच कागदांत उरलंय. पण निष्कर्ष मोजून ‘त्या काउंटीत इतके खून झाले’ असा आकडा कुणी देत असेल, तर तो कमीत कमी आकडा समजा. गुलामांच्या बाबतीत तर नक्कीच.