अठ्ठ्याण्णव म्हणजे किती?

“मॅडम, याचा आयक्यू ९८ आलाय. शंभरही नाही. आता याच्याकडून कितपत अपेक्षा ठेवायची, तेवढं सांगा.”

बारा वर्षांच्या मुलाचे वडील बोलत होते. मुलगा बाहेर बसला होता, आई शेजारी गप्प होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, कारण तो मला वेगवेगळ्या आईवडिलांकडून सतत ऐकायला मिळतो.) मुलगा वर्गात ऐकतो, घरी विचारलं तर उत्तरं देतो, पण परीक्षेत पेपर अर्धवट राहतो. गुण घसरत चालले होते. त्यातच नात्यातल्या एका मुलीची चाचणी झाली आणि तिचा बुद्ध्यांक, म्हणजे हाच आयक्यू, १३० आला. मग ‘बघू तरी’ म्हणून यांनीही करून घेतली.

‘शंभरही नाही’ या दोन शब्दांतच निम्मा घोळ होता. परीक्षेच्या गुणांची सवय असलेल्या माणसाला शंभर म्हणजे पैकीच्या पैकी वाटतात. बुद्ध्यांकात शंभर म्हणजे मधोमध. एकाच वयाच्या मुलांची जी सरासरी येते तिलाच १०० म्हणायचं, असं ठरवूनच ही मोजपट्टी आखलेली असते. साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात, शंभरातली पंच्याण्णव ७० ते १३० मध्ये. ९८ म्हणजे शंभर मुलं कमी गुणांपासून जास्त गुणांकडे अशी ओळीत उभी केली तर हा पंचेचाळिसाव्याच्या आसपास. शिवाय अहवालात त्या आकड्याच्या बाजूला ९२ ते १०४ असंही छापलेलं होतं. कुठलीच चाचणी अचूक एका आकड्यावर बोट ठेवू शकत नाही, म्हणून ही कक्षा द्यावी लागते. ती वडिलांनी वाचलीच नव्हती. फारसं कुणी वाचत नाही.

हे समजावल्यावर त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “म्हणजे सामान्यच ना?”

मग मी मुलाशी एकट्याने बोलले. अभ्यास, मित्र, खेळ असं इकडचं तिकडचं झाल्यावर तो आपणहून म्हणाला, “बाबा आता ओरडत नाहीत.”

“बरं झालं की.”

“नाही. आधी गणित चुकलं की परत करायला लावायचे. आता म्हणतात, राहू दे, जमेल तेवढं कर.” जरा थांबून म्हणाला, “त्यांना कळलंय.”

“काय कळलंय?”

“की मला येणार नाहीये.”

आईवडिलांनी त्याला आकडा सांगितलेला नव्हता. पण घरातलं वागणं बदललं की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. कमी गुण मिळाले म्हणून रागावणारे पालक मी पुष्कळ पाहते. त्यांच्या रागात निदान ‘तुला जमायला हवं’ एवढा विश्वास तरी असतो. चाचणीनंतर येणारी ही मऊ, समजूतदार माघार मला जास्त धोक्याची वाटते. वडील प्रेमाने वागत होते, आणि मुलापर्यंत पोचत होतं ते एवढंच की बाबांनी माझा नाद सोडला.

पुढच्या भेटीत मी अहवाल उलटा वाचायला घेतला. आधी आतली पानं, शेवटी पहिल्या पानावरचा आकडा. हल्लीच्या चाचण्यांत एकूण बुद्ध्यांक हा वेगवेगळ्या विभागांतून काढलेला असतो. या मुलाचे पाच विभाग होते. शब्द आणि संकल्पनांची समज ११४. आकृत्या जुळवणं १००, नवं कोडं तर्काने सोडवणं १००. ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करणं ८८. आणि कामाचा वेग ७५.

११४ आणि ७५. समजेत तो ऐंशी टक्के मुलांच्या पुढे होता आणि वेगात पंच्याण्णव टक्के मुलांच्या मागे. या दोन्हींना एकत्र मळून आलेलं ९८ नेमकं कशाचं वर्णन करतं? माझ्या मते कशाचंच नाही. विभागांमध्ये एवढी तफावत असेल तर एकूण आकड्यावर फार भर देऊ नये, हे चाचणी घेणाऱ्यांना शिकवलेलं असतं. या अहवालातही तशी एक ओळ होती, पण ती तिसऱ्या पानावर, आणि ९८ पहिल्या पानावर ठळक अक्षरांत.

त्याखाली चाचणी घेणाऱ्यांनी एक निरीक्षण नोंदवलं होतं: आकड्यांखाली ठरलेली चिन्हं भराभर लिहायच्या भागात मुलगा प्रत्येक चिन्ह कोरून काढतो, लिहून झालं की पुन्हा नमुन्याशी ताडून पाहतो. हा भाग दोन मिनिटांचा असतो. कोरून काढणाऱ्याचे गुण इथे जाणारच. वेग कमी येण्यामागे लिहिण्याची अडचण असू शकते, डोळ्यांची असू शकते, चुकण्याची धास्ती किंवा लक्ष टिकण्याचा प्रश्नही असू शकतो. ‘मंद बुद्धी’ हे त्यातलं उत्तर असेलच असं नाही, आणि ११४ समोर दिसत असताना तर नाहीच.

पेपर अर्धवट का राहतो, याचं उत्तर आईवडिलांच्या हातातच होतं. ते पहिल्या पानावर अडकून बसले होते.

इथे वडिलांनी तो प्रश्न विचारला जो एव्हाना तुमच्याही मनात आला असेल. “मग ही चाचणी खोटीच म्हणायची का? बुद्धी मोजतच नाही ती?”

‘आयक्यू वगैरे सगळं थोतांड आहे’ असं म्हणून पालकांची समजूत घालणं सोपं असतं. ‘आयक्यू नसला तरी इक्यू, म्हणजे भावनिक बुद्ध्यांक, असतो’ ही सांत्वनाची वाटणीही लोकप्रिय आहे. मी दोन्ही करत नाही, कारण दोन्ही खरं नाही.

चाचणी काहीतरी खरं मोजते. १९३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली गेली होती. त्यातल्या काहींना संशोधकांनी वृद्धापकाळी शोधून काढलं आणि तीच चाचणी पुन्हा दिली. सहा-साडेसहा दशकांनंतरही लहानपणी पुढे असलेले बहुतांशी पुढेच होते. निव्वळ थोतांडात एवढं सातत्य सापडत नाही. पण ही झाली मोठ्या गटाची गोष्ट. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ३३ किशोरवयीन मुलांची तीन-चार वर्षांच्या अंतराने चाचणी घेतली, तेव्हा काहींचे गुण वीसच्या आसपास वर किंवा खाली गेलेले दिसले, आणि त्याला जुळणारे बदल मेंदूच्या प्रतिमांमध्येही आढळले. गट जागच्या जागी राहतो, एखादं मूल मात्र बरंच हलू शकतं. आणि माझ्यासमोर गट कधीच येत नाही, एक मूल येतं.

शिवाय ही चाचणी मुळात कशासाठी तयार झाली ते पाहायला हवं. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी ती बनवली. शाळेत कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल, हे शिक्षकांच्या मर्जीवर न सोडता कसं ओळखायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बुद्धी म्हणजे जन्मजात, न वाढणारा साठा आहे असं मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मध्ये कडक टीका केली. अशा मुलांची बुद्धी सरावाने, शिकवण्याने वाढते असं त्यांचं म्हणणं होतं. १९११ मध्ये ते गेले. पुढच्या पाच वर्षांत जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांचा भागाकार आला (मुलाचं मानसिक वय भागिले खरं वय), अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्याला शंभरने गुणलं, आणि मदत ओळखण्याचं साधन माणसाच्या कपाळावरचा शिक्का झालं. बिने यांना ते आवडलं नसतं असं मला नेहमी वाटतं.

त्यांचं म्हणणं नंतर आकडेवारीनेही उचलून धरलं. सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. शिक्षणाचं एक जादा वर्ष बुद्ध्यांक साधारण १ ते ५ गुणांनी वाढवतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्या आकड्याकडे बघून बाबांनी शिकवणं थांबवलं होतं, तो आकडाच शिकवण्याने हलतो.

“आणि यश?” आई पहिल्यांदाच बोलली. “पुढे जाऊन काही करेल ना हा?”

शाळेतले गुण आणि बुद्ध्यांक यांचा सहसंबंध साधारण ०.५ आहे (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे दोन्ही तंतोतंत बरोबर चालतात). मानसशास्त्रात हे नातं बरंच मजबूत समजलं जातं. तरी त्याचा अर्थ असा, की मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो त्याचा जेमतेम एक चतुर्थांश भाग बुद्ध्यांकाशी जोडता येतो. बाकीचा तीन चतुर्थांश शिकवणं, सवयी, तब्येत, आवड, घरातलं वातावरण, मनातली भीती आणि नशीब यांत वाटलेला. नोकरीतल्या कामगिरीबाबत १९९८ चा एक गाजलेला आढावा ०.५१ सांगत होता. २०२२ मध्ये त्यातली गणिती गृहीतकं पुन्हा तपासली गेली आणि नातं ०.३१ वर आलं. शून्य नाही, पण भविष्य सांगण्याइतकंही नाही.

टर्मन यांचीच गोष्ट मी त्या दोघांना सांगितली. १९२१ पासून त्यांनी अतिशय उच्च बुद्ध्यांकाची सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. चाचणी होऊनही जी मुलं निवडीत बसली नाहीत त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्यांपैकी कुणालाच मिळालं नाही. ही गोष्ट सांगितली की लोक खूश होतात, म्हणून मी ती तिथे थांबवत नाही. निवडलेली मुलं एकंदरीत चांगलीच पुढे गेली, चारचौघांपेक्षा जास्त शिकली. त्यांच्यातले सर्वांत यशस्वी आणि सर्वांत कमी यशस्वी पुरुष टर्मन यांच्या गटाने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा बुद्ध्यांकात फरक थोडाच निघाला. ठळक फरक होता चिकाटीत, आत्मविश्वासात, घरच्या शैक्षणिक पार्श्वभूमीत.

“आत्मविश्वास,” आई म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. मुलाने मला काय सांगितलं होतं ते त्याच्या परवानगीने मी दोघांना सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्याला ताण नको म्हणून थांबलो होतो हो.” ते खरंच होतं.

त्यानंतरचं काम सरळ होतं, त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही. डोळे तपासले, ते ठीक निघाले. लिहिण्याच्या तपासणीत पेनाची पकड आणि लिहिण्याचा ताण, दोन्हींत अडचण सापडली. त्यावर व्यायाम सुरू झाले. शाळेने अहवालाची आतली पानं पाहून परीक्षेत जादा वेळ दिला. चुकण्याच्या धास्तीवर तो माझ्याबरोबर काम करत राहिला: मुद्दाम वेड्यावाकड्या अक्षरात लिहायचं, खोडायचं नाही, तपासणी शेवटी एकदाच. पहिल्यांदा त्याला हे जवळजवळ असह्य झालं. आणि बाबा संध्याकाळी पुन्हा गणिताला बसू लागले. चुकलं की पुन्हा करायला लावू लागले, फक्त घड्याळ न लावता.

पेपर आता पूर्ण होतात, त्यामुळे गुणही वाढलेत. गणितात तो अजूनही मध्यावरच आहे आणि कदाचित राहील. भाषा आणि इतिहासात शिक्षक त्याच्या उत्तरांचा वेगळा उल्लेख करतात. काम तो सावकाशच करतो.

मध्यंतरी वडिलांचा फोन आला. “आता एवढं सुधारलाय, तर पुन्हा चाचणी करून घेऊ या का? मोबाइलवर एक आहे, त्यात तर १३४ आला.”

मोबाइलवरच्या त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. अशा बहुतेक चाचण्या कुणावर प्रमाणित केल्यात याचा पत्ता नसतो, आणि आकडा मोठा दाखवला की माणूस तो चार जणांना पाठवतो. खऱ्या चाचणीबद्दल विचारलं, “तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?”

“वाढला का ते.”

त्यासाठी नको, म्हटलं. इतक्या लवकर केली तर प्रश्न ओळखीचे झाल्यामुळेच काही गुण वाढतील आणि कशामुळे वाढले ते कळणार नाही. दोनेक वर्षांनी मोठ्या परीक्षेला जादा वेळ हवा असेल आणि त्यासाठी ताजा अहवाल मागितला, तर जरूर करू. तेव्हाही आधी वेगाचा विभाग पाहू आणि लिहिण्याची तपासणी सोबत करू. ते ‘बरं’ म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी अपूर्णांकांच्या भागाकारावर कुठलं पुस्तक चांगलं ते विचारून घेतलं.