लाल दिवा लागला तरी सुरूरपर्यंत नेली

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, २ लाख १४ हजार किमी झालेत. मागच्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढताना तीन बीप वाजले आणि ऑइलचा लाल दिवा लागला. डिपस्टिक बघितली तर ऑइल बरोबर होतं, म्हणून तशीच सुरूर फाट्यापर्यंत नेली. तिथे खालून टक-टक आवाज सुरू झाला आणि गाडी बंद केली. आता एक मेकॅनिक म्हणतो ३ नंबरचं बेअरिंग गेलंय, बेअरिंग टाकून बंद करू. दुसरा म्हणतो फुल इंजिन काम, बोअर, स्लीव्ह, पिस्टन सगळं, साडेतीन लाख. तिसरा दिल्लीहून सेकंडहँड इंजिन मागवतो म्हणतोय. काय करू? गाडी विकायची नाहीये. ऑइल दर १५ हजारला बदलत होतो. (एक वाचक, कराड)

उत्तर : विकायची नाहीये हे शेवटी लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर पहिला सल्ला तोच होता.

आधी थोडं रागावतो. त्या गाडीत ऑइलचा पिवळा दिवा लेव्हलचा आणि लाल दिवा प्रेशरचा. लाल लागून तीन बीप झाले की डिपस्टिक काय सांगते याला काडीचा अर्थ नाही, कारण ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या भांड्यात असतं पण वर जात नसतं. तिथेच घाटात बाजूला घेऊन टोईंग बोलावलं असतंत तर कदाचित चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी साफ करण्यावर भागलं असतं. असो, झालं ते झालं.

आता तुमच्या तीन मेकॅनिकांपैकी एकानेही एक प्रश्न विचारलेला दिसत नाही, की बेअरिंग गेलं कशामुळे? बेअरिंग स्वतःहून जात नाही हो. १५ हजारला ऑइल बदलायचं हा हिशोब चांगलं सिंथेटिक आणि हायवेवरची नवी गाडी यांच्यासाठी. तुमची वीस वर्षांची टर्बो, गावातली ट्रॅफिक, वर टर्बोच्या उष्णतेने ऑइल जळून त्याचा चिखल होतो, तो चेंबरच्या तळाशी बसतो आणि ऑइल पंपाच्या तोंडाला जी जाळी असते ती हळूहळू बुजते. सपाट रस्त्यावर चालून जातं, घाटात लोडवर इंजिनला ऑइल जास्त लागतं तेव्हा पंपाला ओढायला मिळत नाही. माझी पैज, चेंबर उतरवल्यावर जाळी काळ्या डांबरासारखी दिसेल. ती दिसली तर कारण सापडलं. नाही दिसली तर पंप, पंपाची चेन आणि फिल्टर हाऊसिंग तपासा, पण कारण सापडल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका.

पहिल्याचं ऐकू नका. ३ नंबरचं बेअरिंग म्हणजे तिसऱ्या पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथलं. त्याचा थर सुटला की त्याची चमकी, म्हणजे धातूचे बारीक कण, ऑइलमध्ये फिरते. फिल्टर बरीच पकडतो, पण फिल्टर चोंदलेला असेल तर बायपास उघडतो आणि ते सगळं सरळ क्रँक, हेड, टर्बोकडे. फक्त ३ नंबर बदललात तर बाकीची तिन्ही बेअरिंगं महिन्याभरात त्याच वाटेने जातील. इंजिन उतरवून पूर्ण खोलणं भाग आहे.

पण दुसऱ्याचं पण अर्धंच ऐका. बोअर करायचं (सिलिंडर आतून कापून मोठा करायचा) की नाही हे मोजल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि हा माणूस तर इंजिन न खोलता सांगतोय! या इंजिनचा ब्लॉक कास्ट आयर्नचा आहे, दणकट, २ लाखांनंतरही कित्येक वेळा होनिंगच्या (सिलिंडर आतून दगडाने घासण्याच्या) तिरक्या रेघा आत दिसतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ८१ मिमी. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. मापात असेल तर नुसतं होनिंग आणि नव्या रिंगा, रिंगचा गॅप बोअरमध्ये घालून ०.२० ते ०.४० मिमीच्या मध्ये येतोय का बघायचं, झालं. मापाबाहेर असेल तरच ८१.५ चे ओव्हरसाईझ पिस्टन. स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी बसवणं, ही शेवटची गोष्ट, बोअरला खोल ओरखडा असेल तरच.

क्रँकचं मात्र काम निघणार असं वाटतं. आवाज आल्यावर किती चाललात माहीत नाही, पण ३ नंबरच्या जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निळसर झाक असेल किंवा नखाला ओरखडा लागत असेल तर ग्राइंडिंग करावंच लागेल. रॉड जर्नल मूळ ४७.८० मिमी, पहिला अंडरसाईझ पाव मिमीचा म्हणजे ४७.५५, आणि चारही जर्नल एकाच मापाला घ्यायचे. क्रँक फोर्ज्ड आहे, एकदा ग्राइंडिंग सहज सोसेल. बेअरिंग रॉडच्या आत फिरलं असेल तर तो रॉडही बाद, त्याला घासूनपुसून परत बसवणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

आणि एक गोष्ट जी मी स्वतः पैसे घालवून शिकलोय, बेअरिंग आधी हातात घ्या, मग ग्राइंडिंग. पिस्टन आधी हातात, मग बोअर. आमच्याकडे उलटं होतं, क्रँक पाव मिमी उतरवून ठेवतात आणि मग कळतं की त्या मापाची बेअरिंग बाजारात नाहीत, मग चार महिने गाडी ताडपत्रीखाली. या १.८ च्या पिस्टन पिना पण १९ आणि २० मिमी अशा दोन येतात, तुमच्या कुठल्या ते काढून मोजा, मगच ऑर्डर.

मशीनच्या कामाला कोल्हापूरला जा, कराडहून फार लांब नाही. शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी आयुष्यभर ऑइल इंजिनं आणि ट्रॅक्टर केलेत त्यांच्या हाताला माप आहे. त्यांना तुमचं इंजिन माहीत नसेल, म्हणून सगळी मापं एका कागदावर लिहून कागद ब्लॉकबरोबर द्या. 'नेहमीसारखं करा' म्हणालात तर डिझेल इंजिनचं क्लिअरन्स (भागांमधली फट) ठेवून देतील, आणि चूक त्यांची नसेल. रॉड बेअरिंगचं क्लिअरन्स पाच शतांश मिमीच्या आत हवं, जोडताना प्लास्टिगेज (दाबला की फट मोजून देणारा मऊ धागा) लावून तुमच्या डोळ्यांसमोर बघा.

आता खरा खर्च आणि खरी मेहनत कुठे आहे सांगू? साफसफाईत. ब्लॉकमधले ऑइल गॅलरीचे (ऑइल जाण्याच्या वाटांचे) प्लग काढून आत लांब ब्रश घालायचा, हवेने फुंकायचं, पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पिस्टनच्या खाली ऑइल मारणारे जेट असतात ते काढून साफ करायचे. ऑइल कूलर नवाच, त्याच्या आतली चमकी कुणाच्या बापाला निघत नाही. टर्बोची ऑइल लाईन पण नवी, ती एक्झॉस्टशेजारून जाते आणि आतून कोळसा होऊन बारीक होते, वरून चांगली दिसते. टर्बोचा शाफ्ट हलवून बघा, लटपटत असेल तर त्याचंही काम याच वेळी. ब्रीदरचे (इंजिनातली वाफ बाहेर काढणारे) रबरी पाइप हाताने दाबले तर तुटतील, सगळे बदला. ऑइल पंप आणि चेन नवी. रॉडचे आणि हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, जुने परत वापरायचे नाहीत, मेकॅनिक म्हणेल चांगले आहेत, तरी नाही.

हेडमध्ये वीस व्हॉल्व्ह आहेत, एका सिलिंडरला पाच, त्यामुळे सील आणि लॅपिंगचा (व्हॉल्व्ह घासून बसवण्याचा) खर्च बघून दचकू नका. हेडच्या मागे दोन कॅमना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) जोडणारी छोटी चेन आणि तिचा टेन्शनर असतो, तो लोक विसरतात. टायमिंग बेल्ट नवा, आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप धातूच्या पंख्याचा घ्या. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात, सगळी मेहनत पाण्यात.

सेकंडहँड इंजिनाबद्दल, स्वस्त दिसतं पण त्याचीही जाळी कुणी उघडून बघितलेली नसते. शिवाय इंजिन नंबर बदलला की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते, गाडी १५ वर्षांपुढची आहे, पुढच्या पासिंगला नंबर जुळला नाही तर तुमची दिवाळी तिथेच.

जोडून झाल्यावर लगेच स्टार्ट मारू नका. कॉइल आणि इंजेक्टरचे प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा नुसता स्टार्टर फिरवा, मग प्लग जोडून सुरू. आणि सुरू झाल्यावर अर्धा तास जागेवर गुरगुरत ठेवायची ती जुनी पद्धत नको, रिंगा बसायला लोड लागतो, म्हणून रस्त्यावर काढा, अॅक्सिलरेटर द्या, सोडा, परत द्या, रेडलाईनला न नेता. ५०० किमीला ऑइल-फिल्टर, परत १५०० ला, आणि पुढे दर ७ हजारला. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा, चमकी दिसली तर थांबा आणि मला परत लिहा.

प्रश्न : माझीही अशीच जुनी टर्बो पेट्रोल आहे, १ लाख ७० हजार, अजून काही झालं नाहीये. ऑइल बदलताना इंजिन फ्लश टाकू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वरचं वाचलंत ना? फ्लशने वर्षांचा चिखल एकदम सुटतो आणि जातो कुठे, तर त्याच जाळीकडे. चेंबर उतरवा, जाळी बघा, चेंबर धुऊन नव्या सीलंटने लावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रश्न : इंजिन नवं केलं की रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) २०० च्या पुढे पॉवर काढता येईल का? मूळ १५० पीएस आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ५ हजार किमी होऊ द्या, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं येतंय का बघा, मग विचारा. आणि मूळ छोट्या टर्बोवर २०० च्या पुढे ओढायच्या आधी क्लच घसरेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा.