चितळासमोर दहा मिनिटं थांबायचं

प्रश्न : डिसेंबरमध्ये पेंचला सिल्लारी गेटवरून सकाळची सफारी केली. चितळं भरपूर दिसली पण माझे फोटो एकतर हललेले नाहीतर पाठमोरे, अंगावरचे ठिपके नुसते पांढरेफट्ट आलेत. लेन्स ७०-३०० मिमी आहे. अजून एक, एका सांबराच्या गळ्याला रक्ताळलेली जखम दिसतेय फोटोत, ते नीट चरत होतं पण मला राहवत नाहीये, त्याला काय झालं असेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आधी सांबराचं सांगते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. तो डाग गळ्याच्या खालच्या बाजूला, साधारण मधोमध, केस गेलेला आणि ओलसर लाल असेल तर बहुतेक ती जखम नाहीच. सांबरांत असा डाग येतो, नरांतही आणि माद्यांतही, विणीच्या हंगामात जास्त, आणि तुम्ही गेलात तो हंगाम तोच होता. तिथून स्राव येतो म्हणून रक्तासारखं दिसतं. फोटो एडिट करताना तो पुसू मात्र नका, सांबर आहे तसं दिसू द्या.

आता हललेले फोटो. जिप्सीचं इंजिन चालू असलं की अख्खी गाडी थरथरते आणि लेन्स ३०० मिमीपर्यंत झूम केली की ती थरथर फोटोत उतरतेच, म्हणून पहिलं काम ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगणं, आणि गाडीतल्यांना क्षणभर हलू नका म्हणणं. जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन-तीन किलो तांदूळ भरून शिवून घ्या, ती पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. उभ्या चितळाला शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, पळणाऱ्याला १/१६०० तरी हवा. पहाटे उजेड कमी असतो तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६००, ३२०० जाऊ द्या, फोटोत दाणे आले तरी फोटो राहतो, हललेला मात्र कशानेच सुधारत नाही.

ठिपक्यांचं कारण सोपं आहे. मागे सागाची गडद सावली असते, कॅमेरा ती उजळायला जातो आणि चितळ जळतं, म्हणजे पांढरंफट्ट येतं. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं मायनस करा, पाऊण स्टॉपपर्यंत (स्टॉप हे उजेडाचं माप).

पाठमोऱ्यांचं मात्र सेटिंगमध्ये काही नाही. गाडी सरळ अंगावर गेली की कळप वळून चालायला लागतो, मग पाठच मिळणार. लांबच थांबा आणि दहा मिनिटं काहीच करू नका. वर झाडावर वानरं असतील तर अजून चांगलं, ती पाला-फळं खाली टाकतात आणि चितळं ते खायला तिथेच रेंगाळतात. मी एकदा अशीच थांबले होते, बाकीच्या गाड्या वाघ शोधायला निघून गेल्या, आणि एक नर मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहिला, डोक्यावरच्या फांदीला कपाळ घासायला लागला, शिंगांत पानं अडकलेली, पोट ताणलेलं. चितळनर असा आपला वास फांदीवर ठेवतो. आधी शेपटी वर करून पाय आपटत होता, तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला होता, तो शांत झाल्यावरच परत उचलला.

तोंड वर करावं म्हणून शिट्टी, टाळी अजिबात नको. सगळा कळप एकाच बाजूला, तुमच्याकडे नाही, टक लावून बघत असेल आणि ओरडत असेल तर तिकडे वाघ किंवा बिबट असू शकतो, मग त्या कळपाचाच फोटो घ्या, ताठ माना आणि एका दिशेला वळलेले कान, फार सुंदर येतो.

परत जायचं असेल तर मे महिन्यात जा. तेव्हा बऱ्याच नरांच्या शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची लवदार कातडी, गळून शिंगं टणक झालेली असतात आणि सगळे पाण्यावर येतात. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, बुकिंग त्याच्या आधीचं करा.