कंपनी वीकमध्ये आधी काहीच ठरत नसे, मग दरवर्षी महोत्सव कशाचा?

तुमचा प्रश्न असा आहे की, लंडनच्या 'कंपनी वीक' या उत्स्फूर्त वादनाच्या आठवडाभराच्या महोत्सवात चाल, ताल, रचना, तालीम यांतलं काहीच आधी ठरत नसे. मग आयोजकाचं काम काय उरत होतं, आणि अशा संगीताचा दरवर्षी महोत्सव भरवण्यात अर्थ काय?

माणसं ठरत असत. कोण येणार आणि कोण कोणासोबत बसणार, यावरच त्या आठवड्याचं सगळं अवलंबून असे. हे काम किती नाजूक आहे, ते महोत्सव सुरू करणाऱ्या डेरेक बेलीला पक्कं ठाऊक होतं.

बेली शेफील्डचा गिटारवादक, जन्म 1930चा. बरीच वर्षं त्याने डान्स हॉलमध्ये आणि स्टुडिओत पोटापाण्यासाठी वाजवलं. साठच्या दशकात शेफील्डमध्येच ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि बेसवादक गॅव्हिन ब्रायर्स यांच्याबरोबर त्याचं त्रिकूट जमलं. जॅझपासून निघालेलं त्यांचं वादन ठेका सोडत, ठरलेली स्वरसंगती सोडत पार मोकळं होत गेलं. पुढे लंडनला आल्यावर त्याला ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स, सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यांच्यासारखे याच वाटेवरचे वादक भेटले. 1970 मध्ये बेली, पार्कर आणि ऑक्सली यांनी 'इंकस' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली.

पण मोकळं वाजवणाऱ्यांचेही गट बनतात आणि गटांना सवयी लागतात. वर्षानुवर्षं एकत्र वाजवलं की एकाने सूर लांबवल्यावर दुसरा काय करणार हे दोघांना आधीच कळतं. मग कागदावर काही लिहिलेलं नसलं तरी सगळं ठरल्यासारखंच वाजतं. म्हणून 1976 मध्ये बेलीने 'कंपनी' सुरू केली. तिच्यात कायमचा सभासद कोणीच नव्हता, दर वेळी माणसं वेगळी. मे 1977 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये तिचा पहिला आठवडा भरला. अमेरिकन सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन आणि स्टीव्ह लेसी, अमेरिकन ट्रम्पेटवादक लिओ स्मिथ, नेदरलँड्सचा ड्रमवादक हान बेनिंक, चेलोवादक ट्रिस्टन हॉन्सिंगर, इव्हान पार्कर आणि स्वतः बेली, असे सगळे त्यात होते. कधी दोघे, कधी तिघे, कधी मोठा घोळका. हा सिलसिला 1994 पर्यंत चालला.

रागसंगीत ऐकून तयार झालेल्या आपल्या कानांना इथे एक अडचण येते. उपज आपल्याला नवी नाही, पण आपली उपज रागाच्या आणि तालाच्या घरात राहते. समेवर येताना श्रोताही गायकाबरोबर येतो. बेलीने 1980 मध्ये उत्स्फूर्त वादनावर जे पुस्तक लिहिलं त्यात भारतीय संगीत, फ्लॅमेंको, चर्चमधलं ऑर्गनवादन, जॅझ या सगळ्यांना मानाने जागा दिली आहे. त्याने भेद केला तो असा: या प्रत्येकाची आपली एक बोली असते आणि उत्स्फूर्तता त्या बोलीत फुलते. त्याला स्वतःला मात्र कुठल्याच एका बोलीशी बांधलेलं नसलेलं वादन हवं होतं. अशी सम नसलेली जागा पहिल्यांदा ऐकताना अंगावर येते, हे मी मान्य करतो. तिथे थोडं थांबावं लागतं.

आठवडाभराच्या महोत्सवाचा उपयोग इथेच कळतो. एकाच मैफलीत सॅक्सोफोनवादक ऐकला तर तो 'असा वाजवतो' एवढंच आपण म्हणतो. तोच मंगळवारी चेलोबरोबर, गुरुवारी दणदणीत ड्रमबरोबर ऐकला की त्याचं स्वतःचं किती आणि समोरच्याने त्याच्यातून बाहेर काढलेलं किती, हे ऐकू येऊ लागतं. यासाठी बेली मुद्दाम दुरून माणसं आणत असे. 1982 च्या आठवड्यात लिहिलेलं आधुनिक संगीत वाजवण्यात नाव असलेली पियानोवादक अर्सुला ओपेन्स होती, रॉकमधून आलेला फ्रेड फ्रिथ होता, स्वतः बनवलेली वाद्यं वाजवणारा जपानी कलावंत अकिओ सुझुकी होता. 1991 मध्ये तर तोंडावर मुखवटा आणि डोक्यावर बादली घालणारा रॉक गिटारवादक बकेटहेड आणि शास्त्रीय व्हायोलिनवादक अलेक्झांडर बालानेस्कु एकाच आठवड्यात होते. मला हे धाडस फार मोलाचं वाटतं. सारख्या आवडीची माणसं जमवणं त्याला सहज शक्य होतं.

काही तुकडे जमत नाहीत. सगळे एकमेकांना वाट देत राहतात आणि पुढे कोणीच येत नाही, किंवा सगळे एकदम बोलतात. तरीही शेवटापर्यंत ऐका, कारण शेवट हीच सगळ्यात अवघड जागा असते. कोणी खूण करत नाही. थांबता येईल अशी एक जागा येते, एक जण थांबतो, दुसऱ्याला अजून काही सांगायचं असतं, आणि पहिल्याला ठरवावं लागतं की परत यायचं की त्याला एकट्याला जाऊ द्यायचं. बेलीचं गिटार अशा वेळी ऐकण्यासारखं असतं. तुटक, कोरडे स्वर, त्यांच्यात मोठी अंतरं, आणि दुसऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा.

ऐकायला सुरुवात 1977 च्या ध्वनिमुद्रणांपासून करा. इंकसने ती 'कंपनी 5', '6' आणि '7' म्हणून काढली. त्यानंतर 1982 चं 'एपिफनी'. त्यातला दहा जणांचा लांबलचक तुकडा आधी लावू नका, छोट्या गटांचे तुकडे घ्या. मला तरी तेच जास्त आवडतात, कारण प्रत्येक आवाज कोणाचा हे त्यात स्पष्ट कळतं.

बेली 2005 च्या नाताळच्या दिवशी गेला. प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर ऑस्ट्रियातल्या निकेल्सडॉर्फ गावी 1980 पासून भरत आलेला 'कॉनफ्रॉन्टात्सिओनेन', त्याच देशातल्या वेल्स शहराचा 'अनलिमिटेड' आणि कॅनडात क्वेबेकमधल्या व्हिक्टोरियाव्हिलचा महोत्सव या नावांवर लक्ष ठेवा. तिथे ठरलेले बँडही असतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका नीट वाचा आणि एकच वादक दोन वेगवेगळ्या गटांत असेल असे दोन दिवस निवडा.